हृदयाची झडप बदलली आणि वर्षभर संगीतच थांबलं, बेंजामिन ब्रिटनची गोष्ट

हार्टचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र असतं. ऑपरेशन थिएटरबाहेर सगळे नातेवाईक ताटकळत बसलेले असतात. डॉक्टर बाहेर येतात, सगळं नीट झालं म्हणून सांगतात आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. काही दिवसांत पेशंट घरी येतो. मग शहाळी, मोसंबी घेऊन भेटायला येणाऱ्यांची रांग लागते.

आणि नेमकं याच वेळी बऱ्याच घरांत एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पेशंट गप्प गप्प राहायला लागतो. झोप लागत नाही, जेवण नको, टीव्ही नको, माणसं नकोत. कारण नसताना डोळ्यांत पाणी येतं. एवढं मोठं संकट टळलं, आता कसलं टेन्शन, असं घरचे विचारतात आणि त्याच्याकडेही उत्तर नसतं.

साधारण पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका संगीतकारावर ही वेळ आली होती. साधासुधा संगीतकार नाही, विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. त्याच्या हृदयाची झडप बदलली, तो जगला. पण ज्या हाताने तो पियानो वाजवायचा आणि संगीत लिहायचा, तो उजवा हात पुन्हा कधीच पहिल्यासारखा झाला नाही.

त्याचं नाव बेंजामिन ब्रिटन. देशही ब्रिटन आणि आडनावही ब्रिटन, त्यामुळे गोंधळ नको म्हणून पुढे त्याला बेंजामिनच म्हणूया.

तीन महिन्यांचं पोर आणि नाजूक हृदय

बेंजामिनचा जन्म २२ नोव्हेंबर १९१३ चा. गाव लोस्टॉफ्ट, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफोक भागातलं. वडील दातांचे डॉक्टर, आई हौशी गायिका. चार भावंडांत हा शेंडेफळ.

तीन महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. पोर हातचं जातंय की काय अशी परिस्थिती होती. तो त्यातून वाचला, पण डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं की याचं हृदय कमजोर राहणार, इतर मुलांसारखं आयुष्य याला झेपेलच असं नाही.

पोराने मात्र हे फारसं मनावर घेतलं नाही. तो टेनिस खेळला, क्रिकेट खेळला, थंडगार समुद्रात पोहला. आणि या सगळ्याच्या जोडीला लहान वयातच ढीगभर संगीत लिहून मोकळा झाला. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्याचं रीतसर शिक्षण झालं.

१९४५ मध्ये त्याचा 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा रंगमंचावर आला. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊ समजा, फक्त तिथे बोलायचं तेही बहुतेक गाऊनच. समुद्रकाठच्या गावातला एक कोळी आणि त्याच्यावर उलटलेलं गाव, अशी ती गोष्ट. या एका ऑपेराने तिशीतला बेंजामिन जगभर पोचला. त्याच उन्हाळ्यात तो व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनसोबत जर्मनीला गेला आणि छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांसमोर पियानो वाजवून आला.

१९४८ मध्ये त्याने आपल्या ऑल्डबरा गावात संगीत महोत्सव सुरू केला. १९५५-५६ च्या आशिया दौऱ्यात तो भारतातही आला आणि दिल्लीत त्याने रविशंकरांची सतार ऐकली. १९६२ मध्ये 'वॉर रिक्वीम' आलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री शहरात नवीन कॅथेड्रल उभं राहिलं, त्या निमित्ताने लिहिलेलं हे युद्धविरोधी संगीत.

या सगळ्या प्रवासात त्याच्यासोबत एक माणूस होता, गायक पीटर पिअर्स. हे दोघं आयुष्याचे जोडीदार होते, आणि तेही अशा काळात जेव्हा इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचं नातं हा गुन्हा होता. तो कायदा तिथे १९६७ मध्ये बदलला. पिअर्स गायचा आणि बेंजामिन पियानोवर साथ करायचा. घरात, मैफलीत, रेकॉर्डिंगमध्ये, अनेक दशकं हेच चालू होतं. बेंजामिनने पिअर्सच्या आवाजासाठी भूमिका लिहिल्या, गाणी लिहिली.

म्हणजे त्याचे हात ही फक्त त्याच्या पोटापाण्याची गोष्ट नव्हती. त्याचं सगळ्यात जवळचं नातंही त्या दोन हातांतून बोलायचं. पुढे जे झालं ते समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

आधी ऑपेरा, मग ऑपरेशन

१९६८ मध्ये बेंजामिनला हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झाला. वैद्यकीय भाषेत त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. त्याला काही आठवडे हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. त्यातून तो बरा झाला, पण चार वर्षांनी, १९७२ मध्ये डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की झडप बदलावी लागणार.

ही कुठली झडप? तर हृदयातून सगळ्या शरीराला रक्त नेणारी एक मोठी रक्तवाहिनी असते, महाधमनी. तिच्या तोंडाशी एक झडप असते. दार कसं एकाच बाजूला उघडतं, तसं ती रक्ताला बाहेर जाऊ देते, पण मागे येऊ देत नाही. बेंजामिनचं हे दार नीट मिटत नव्हतं. बाहेर ढकललेलं रक्त परत आत यायचं, हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागायचं. असं वर्षानुवर्षं चाललं की हृदय आकाराने वाढतं आणि थकत जातं.

पण बेंजामिनच्या टेबलावर तेव्हा एक काम अर्धवट होतं. थॉमस मान या जर्मन लेखकाच्या कथेवरचा 'डेथ इन व्हेनिस' हा ऑपेरा. मुख्य भूमिका पिअर्ससाठी लिहिलेली. पिअर्स तेव्हा साठी ओलांडलेला होता, त्याच्यासाठी एवढी मोठी भूमिका लिहायची संधी पुन्हा येईल याची खात्री नव्हती. बेंजामिनने ठरवलं की आधी हे पूर्ण करायचं. जिना चढताना धाप लागत होती, तरी तो लिहीत राहिला. १९७३ च्या वसंतात ऑपेरा पूर्ण झाला आणि मग तो ऑपरेशनला तयार झाला.

तारीख ७ मे १९७३. ठिकाण लंडनचं नॅशनल हार्ट हॉस्पिटल. सर्जन होते डोनाल्ड रॉस. हे नाव हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात मोठं आहे. दान मिळालेली मानवी झडप महाधमनीच्या जागी बसवण्याचं काम त्यांनी १९६२ मध्ये केलं होतं आणि १९६८ मधलं ब्रिटनमधलं पहिलं हृदय प्रत्यारोपणही त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं होतं. यापेक्षा अनुभवी हात त्या काळात मिळणं अवघड होतं.

पण हेही लक्षात घ्यायला हवं की हृदय थांबवून ऑपरेशन करू देणारं हार्ट-लंग मशीन माणसावर यशस्वीपणे वापरलं गेलं त्याला तेव्हा जेमतेम २० वर्षं झाली होती. आज जे रोजचं वाटतं, ते तेव्हा बरंच जोखमीचं होतं.

ऑपरेशन झालं, झडप बसली. पण उघडल्यावर दिसलं की हृदय अंदाजापेक्षा जास्त वाढलेलं आहे. आणि ऑपरेशनदरम्यान मेंदूला पक्षाघाताचा छोटा झटका बसला. त्याचा परिणाम झाला उजव्या हातावर.

जिवंत होता, पण त्याला सुचत नव्हतं

१६ जून १९७३ ला स्नेप गावात 'डेथ इन व्हेनिस'चा पहिला प्रयोग झाला. ज्या कामासाठी त्याने ऑपरेशन लांबवलं, त्याच्याच शुभारंभाला बेंजामिन नव्हता. तेवढी ताकदच अंगात नव्हती. काही महिन्यांनी त्याला तो बघता आला.

योगायोग बघा, या ऑपेराचा नायक आहे एक उतारवयातला नामवंत लेखक, ज्याला काही सुचेनासं झालंय. तो लेखक रंगमंचावर उभा करणाऱ्या माणसाची आता तीच अवस्था झाली होती.

पियानोवर बोटं चालेनात. पिअर्सच्या साथीला लोकांसमोर बसणं कायमचं बंद झालं. ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायचं तर भलामोठा कागद लागतो, एकाखाली एक वीस-पंचवीस ओळी. त्या कागदाच्या वरच्या टोकापर्यंत हात नेणंही जड जायचं. थोडं काम केलं की थकवा यायचा. टेनिस आणि पोहणं तर विसराच, पुढे पुढे व्हीलचेअर आली.

पण सगळ्यात मोठा घाव आत्मविश्वासावर बसला होता. लहानपणापासून ज्याला दिवसभर लिहायची सवय, त्याने वर्षभराहून जास्त काळ नवीन काही लिहिलं नाही. आपलं जुनं कामही कितपत बरं होतं, ही शंका त्याला खात होती. पिअर्सचे कार्यक्रम चालूच होते. त्यामुळे तो बऱ्याचदा दौऱ्यावर असायचा. मोठं घर, आजूबाजूला काळजी घेणारी माणसं आणि मधोमध काही करता न येणारा बेंजामिन.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाकडे काय नाही? नाव, पैसा, देशातले सर्वोत्तम डॉक्टर. आणि जीवही वाचलाय. पण मनाचा हिशोब असा चालत नाही.

मग तो सावरला कसा?

एका झटक्यात काही झालं नाही. तीन-चार छोट्या गोष्टी जुळून आल्या.

पहिली गोष्ट म्हणजे रीटा थॉमसन. नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये बेंजामिनची काळजी घेणाऱ्या या नर्स १९७४ मध्ये ऑल्डबराला त्याच्या घरी आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. औषधं, जेवण, विश्रांती याला शिस्त आली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिअर्स बाहेर असतानाही घरात एक माणूस असं होतं, ज्याच्यासमोर ठीक असल्याचं नाटक करायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट कामाची. त्याने नवीन मोठं काही लिहायचा हट्ट धरला नाही. जुन्या वह्या बाहेर निघाल्या. १९३१ मध्ये, म्हणजे विद्यार्थी असताना लिहिलेलं एक स्ट्रिंग क्वार्टेट त्याने दुरुस्त केलं. १९४१ मध्ये अमेरिकेत सादर होऊन नंतर कपाटात पडलेला 'पॉल बनियन' हा ऑपेरा पुन्हा हातात घेतला. कोऱ्या कागदाची भीती वाटत असताना लिहिलेला कागद दुरुस्त करणं सोपं जातं. शिवाय आपण तरुणपणी लिहिलेलं इतकंही वाईट नव्हतं, हे त्यातून त्याला दिसलं.

आणि मग जुलै १९७४ मध्ये, ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी, त्याने एक नवीन रचना लिहिली. टी. एस. एलियटच्या कवितेवरची छोटी रचना, एक गायक आणि एक वादक एवढ्यांसाठीच. आता गंमत बघा. आधी असं काही लिहिलं की साथीला पियानो आणि पियानोवर स्वतः बेंजामिन हे ठरलेलं. यावेळी त्याने पियानोच्या जागी हार्प हे तारवाद्य घेतलं. पिअर्स गाणार आणि साथ करणार हार्पवादक ओसियन एलिस. जे गेलं ते गेलं हे मान्य करून त्याने त्याच्या शेजारून वाट काढली होती.

तिसरी गोष्ट पिअर्सची. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये 'डेथ इन व्हेनिस' न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गेला. चौसष्टाव्या वर्षी पिअर्स त्या रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला. इकडे बेंजामिन घरी रेडिओवर पिअर्सचा आवाज ऐकत होता. त्याने त्या वेळी न्यूयॉर्कला जे पत्र लिहिलं, ते संगीताच्या जगातल्या अतिशय हळव्या प्रेमपत्रांपैकी एक मानलं जातं. आपण तुझ्या लायकीचे उरलो का, ही भीती आणि तुझ्यामुळेच सगळं लिहिलं, ही कृतज्ञता दोन्ही त्यात आहेत. पिअर्सचं उत्तरही तसंच आलं. त्याच्या मते देणेकरी तो स्वतः होता, कारण त्याच्याकडे जे काही होतं ते बेंजामिनच्या संगीतामुळेच होतं. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही ही गोष्ट मोठ्याने सांगायची गरज पडली.

चौथी गोष्ट म्हणजे मदत घ्यायची तयारी. कॉलिन मॅथ्यूज हा तरुण संगीतकार त्याच्या हाताखाली काम करू लागला. बेंजामिनने लिहिलेलं तो पियानोवर वाजवून दाखवायचा. आयुष्यभर ज्याने स्वतःच वाजवून बघितलं, त्याला आता दुसऱ्याच्या बोटांतून आपलं संगीत ऐकावं लागत होतं. सोपं नसणार ते, पण त्याने ते स्वीकारलं.

यानंतर कामाची गाडी रुळावर आली. १९७५ मध्ये गायिका जेनेट बेकरसाठी 'फेड्रा' झालं. राजमाता एलिझाबेथ यांच्या ७५ व्या वाढदिवसासाठी स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितांवर गाणी झाली, तीही हार्पच्या साथीने. नोव्हेंबर १९७५ मध्ये तो व्हीलचेअरवरून व्हेनिसला गेला आणि तिथे त्याने तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा शेवटचा भाग पूर्ण केला. आज ते त्याच्या सर्वोत्तम कामांत गणलं जातं.

इथे हेही सांगायला हवं की मन सावरलं म्हणून शरीर बरं झालं, असं काही घडलं नाही. हृदय थकतच गेलं. जून १९७६ मध्ये त्याला लॉर्ड हा किताब मिळाला, तो मिळवणारा तो पहिला संगीतकार. त्याच उन्हाळ्यात त्याने सफोकच्या शाळकरी मुलांना गाता-वाजवता येईल अशी एक रचना लिहिली. ती ऑर्केस्ट्रासाठी मांडायचं काम कॉलिन मॅथ्यूजने केलं.

२२ नोव्हेंबर १९७६ ला त्याचा ६३ वा वाढदिवस घरीच साजरा झाला. पाहुणे खाली शॅम्पेन घेत होते आणि एकेक जण वर जाऊन त्याचा निरोप घेत होता. ४ डिसेंबरला पिअर्सच्या मिठीत त्याने प्राण सोडला. इंग्लंडच्या राणीने सांत्वनाची तार पाठवली ती पिअर्सला, म्हणजे या दोघांचं नातं तिनेही मानलं होतं. दोन आठवड्यांनी ते तिसरं क्वार्टेट लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं.

आज हे का वाचायचं?

बेंजामिनची केस टोकाची होती. आज झडपेच्या ऑपरेशनचं तंत्र बरंच पुढे गेलंय, बहुतेक पेशंट घरी परततात आणि कामालाही लागतात. पण मनाचा भाग अजूनही तसाच दुर्लक्षित राहतो.

भारतात तर या विषयाला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे झडपा खराब होण्याचं एक मोठं कारण म्हणजे लहानपणी घसा दुखण्यापासून सुरू होणारा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फिव्हर. त्यामुळे झडप बदलून घेणारे अनेक पेशंट विशी-तिशीतलेच असतात. नोकरी, लग्न, मूल, सगळं पुढे असतं.

ऑपरेशननंतर मन खचायला कारणंही असतात. आयसीयूमध्ये झोप होत नाही. पहिले काही दिवस काहींना भ्रम होतो, वेळ-काळ कळत नाही, नसलेलं दिसतं. हे बहुतेकदा काही दिवसांत जातं, पण पेशंटला आपलं डोकं फिरलं की काय अशी भीती वाटते आणि तो ते कुणाला सांगत नाही. छातीचं हाड जुळेपर्यंत ओझं उचलायचं नसतं, त्यामुळे घरात आपला उपयोग नाही असं वाटायला लागतं. कृत्रिम धातूची झडप असेल तर रात्रीच्या शांततेत तिची टिकटिक ऐकू येते. रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभराची आणि ठरावीक काळाने रक्ततपासणीही. छातीत जरा कुठे धडधडलं तरी जीव घाबरा होतो.

या सगळ्यावर कडी म्हणजे अपराधीपणा. घरच्यांनी एवढा खर्च केला, एवढी धावपळ केली, आता त्यांना मन लागत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सुरुवातीचे काही आठवडे मूड खाली-वर होणं नॉर्मल आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, औषधं घ्यायचाही कंटाळा यायला लागला, तर पुढच्या तपासणीला हृदयाच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. हे नखरे नाहीत. ऑपरेशननंतर नैराश्यावर उपचार झाले नाहीत तर हृदय सावरायलाही त्रास होतो. समुपदेशन, गरज असल्यास औषधं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम, याचा उपयोग होतो. मनोविकाराची औषधं मात्र स्वतःच्या मनाने किंवा परस्पर मेडिकलमधून घ्यायची नाहीत, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत काही औषधं जमत नाहीत. बोलायला कुणीच नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत सुरू असते.

आणि घरच्यांसाठी एवढंच. आता कसलं टेन्शन, हा प्रश्न आवरता घ्या. त्याऐवजी रोज बसल्या जागी पूर्ण करता येईल असं एखादं काम पेशंटच्या हाती द्या. घरखर्चाचा हिशोब असेल, नातवाचा अभ्यास असेल, भाजी निवडणं असेल. बेंजामिनलाही पहिल्यांदा जमलं ते तसंच काम होतं, चाळीस-एक वर्षांपूर्वीची स्वतःचीच वही दुरुस्त करायचं.